घराच्या जिन्याला लाकडी कठडा निवडताना: आधी पकड, मग नक्षी

गिरगाव, परळ किंवा लालबागच्या जुन्या चाळीत वाढलेल्या माणसाला अंधारातही जिना चढता येतो. कारण हात कठड्यावर असतो. हजारो हातांनी घासून गुळगुळीत झालेलं ते सागवान वळण कुठे आहे आणि पायऱ्या कुठे संपतात, हे न बघता सांगतं. आज चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत. पण डुप्लेक्स फ्लॅट, घरातला पोटमाळा किंवा कोकणातलं गावचं घर यांसाठी लाकडी कठड्याची मागणी आहेच. तो निवडताना काय बघायचं?

जुन्या कठड्यात काय असायचं?

या भागातल्या जुन्या जिन्यांवर साधारण तीन प्रकार दिसतात: कातीव लाकडी गज, सरळ चौकोनी पट्ट्या आणि वर लाकूड पण खाली बिडाचे म्हणजे ओतीव लोखंडाचे नक्षीदार गज. गिरगावातल्या खोताच्या वाडीत तर काही घरांचे जिने बाहेरूनच चढतात. बहुतेक ठिकाणी नक्षी गजांवर आणि सुरुवातीच्या जाड खांबावर असायची. हात जिथे फिरतो तो वरचा दांडा मात्र साधा, गोलसर. कठडा निवडतानाही हेच सूत्र उपयोगी पडतं.

मापं कोणती ठेवावीत?

• उंची: पायरीपासून 900 मिमी ते 1 मीटर. घरात लहान मुलं किंवा वयस्कर माणसं असतील तर भिंतीच्या बाजूला थोडा खाली दुसरा दांडा लावता येतो.
• जाडी: गोल दांडा साधारण 32 ते 50 मिमी. बोटं पूर्ण वळून पकड बसली पाहिजे. रुंद, चपटी फळी दिसायला भारदस्त, पण घसरताना ती धरता येत नाही.
• भिंतीपासून अंतर: किमान दीड इंच, म्हणजे बोटं अडकणार नाहीत.
• दोन गजांमधली फट: अमेरिका आणि ब्रिटनच्या नियमांत सुमारे 100 मिमी म्हणजे 4 इंचांची मर्यादा आहे. त्यापेक्षा मोठ्या फटीत लहान मुलाचं डोकं अडकू शकतं. आडव्या पट्ट्यांवर मुलं शिडीसारखी चढतात, म्हणून उभे गज बरे.

दांडा पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत सलग हवा. त्याची टोकं भिंतीकडे वळवून घ्यावीत. पुढे आलेल्या टोकदार कळसात पदर, ओढणी किंवा पिशवीचा बंद अडकतो.

लाकूड नवं की जुनं?

सागवान महाग असलं तरी दमट हवेत टिकतं, त्याला वाळवीही सहसा लवकर लागत नाही. स्वस्त लाकडाला रंग देऊन ते सागवान म्हणून विकलं जाऊ शकतं. म्हणून माल पॉलिशआधी बघावा आणि कापलेलं टोक तपासावं.

पाडलेल्या इमारतींचं सागवान रे रोडच्या लाकूड बाजारात किंवा जुन्या सामानाच्या दुकानांत मिळू शकतं. वर्षानुवर्षं वाळलेलं असल्याने ते नव्या लाकडापेक्षा कमी वाकतं. घेताना चुंबक फिरवून आत राहिलेले खिळे शोधावेत आणि भुंग्याची बारीक छिद्रं, ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज याकडे लक्ष द्यावं. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली. त्यामुळे जुना रंग कोरडा घासू नये. ओला करून खरवडावा आणि मुलांना लांब ठेवावं.

बसवताना कुठे चूक होते?

लाकूड उत्तम, पण ब्रॅकेट फक्त प्लास्टरमध्ये, अशी चूक सहज होते. जुन्या इमारतीत प्लास्टर भुसभुशीत असतं. स्क्रू विटेत किंवा लाकडी खांबातच जायला हवा. नव्या टॉवरमधल्या हलक्या ब्लॉकच्या भिंतीला त्यासाठीचे वेगळे अँकर लागतात. ब्रॅकेट सुमारे तीन फुटांवर असावेत. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे लोखंडी स्क्रू गंजतात आणि लाकडावर काळे डाग पडतात, म्हणून स्टेनलेस स्टील किंवा पितळ वापरावं. पॉलिश पावसाळ्यात टाळावं, दमट हवेत ते पांढरट पडू शकतं.

काम झाल्यावर मिस्त्रीचे पैसे देण्याआधी मोठ्या माणसाने कठडा धरून बाहेरच्या बाजूला जोर लावून पाहावा. हलला तर काम अपुरं आहे.

चाळीतला जिना बदलता येतो का?

घरातला जिना आपला, पण चाळीचा जिना सगळ्यांचा. तिथला गज तुटला तर एका भाडेकरूने परस्पर बदल करू नये. मालकाला आणि उपकरप्राप्त इमारत असेल तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला लेखी कळवावं. इमारत वारसा यादीत असेल तर आधी महापालिकेकडे नियम विचारावेत. तोवर तुटलेल्या जागी जाड दोरी किंवा फळी बांधून रस्ता सुरक्षित करावा, कारण रात्री त्याच कठड्याच्या भरवशावर कुणीतरी खाली उतरणार असतं.