मनगटाला गुण किती?

भिलाईची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. आजच्या छत्तीसगडातील ज्या दुर्ग परिसरात हे पोलादाचे नगर वसले, तेथील खेड्यांतल्या अनेक स्त्रियांच्या हातापायांवर गोदना असे. सुईने त्वचेत काजळी टोचून काढलेल्या या गोंदणाविषयी समज असा, की दागदागिने येथेच राहतात, गोदना मात्र मृत्यूनंतरही सोबत येतो. माणसाचे स्वतःच्या देहाशी असलेले नाते येथे नक्षीतून बोलत होते. विसाव्या शतकाने हेच नाते आकड्यांत मांडण्याचा उद्योग आरंभिला.

तत्पूर्वी देह मोजला जाई तो दुसऱ्याकडून. हर्बर्ट रिस्ले यांनी 1891 मध्ये नाकाच्या लांबी-रुंदीच्या प्रमाणावरून जातींची प्रतवारी लावली. पुढे बर्लिनमध्ये इरावती कर्वे यांनी 149 कवट्या मोजल्या आणि युरोपीय कवटीच्या श्रेष्ठत्वाचे आपले मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांचे गृहीतक टिकत नाही, असा निष्कर्ष निर्भीडपणे मांडला. परंतु कवटीच्या धन्याला स्वतःविषयी काय वाटत होते, हे कोणत्याच मोजपट्टीला विचारता येत नव्हते.

तो प्रश्न 1953 मध्ये अमेरिकेत पॉल सेकॉर्ड आणि सिडनी जुरार्ड यांनी विचारला. केस, नाक, मनगट, आवाज, झोप, पचन अशा 46 अंगोपांगांची व देहव्यापारांची यादी विद्यार्थ्यांपुढे ठेवून प्रत्येकास 1 ते 5 गुण द्यावयास सांगितले. 1 म्हणजे हे कसेही करून बदलावे. 5 म्हणजे हे लाभले हेच भाग्य. पचनाला गुण देणे गमतीचे वाटेल. पोटदुखीने गांजलेल्यास तसे वाटणार नाही. देहाविषयी असमाधानी असलेला माणूस बहुधा स्वतःविषयीही असमाधानी असतो, असे या दोघांस आढळले.

नंतरच्या बहुतेक प्रश्नावल्या असंतोषच मोजीत राहिल्या. 2005 मध्ये अवालोस, टिल्का आणि वुड-बार्कलो यांनी देहाविषयीची आपुलकी मोजणारी 13 विधाने तयार केली. त्यांतही, उणिवा असल्या तरी देह आपलासा वाटतो, अशा अर्थाची विधाने होतीच. म्हणजे उणीव आहे, हे आधीच गृहीत! 2015 च्या 10 विधानांच्या सुधारित प्रश्नावलीतून ती वगळण्यात आली.

दुर्गकडील एखाद्या वृद्धेपुढे ती 1953 ची यादी ठेवली असती, तर तिला आपल्या मनगटाला गुण देता आले असते, त्वचेच्या पोतालाही देता आले असते. मनगटावरच्या गोदन्यासाठी मात्र 46 ओळींत एकही ओळ नव्हती.