धारगळातला ओव्हन

पास्त्यात चीज भरून भाजणं आता आमच्या धारगळातही चालतं. बारदेश पोर्तुगिजांकडे १५४३ ला गेला, पेडणे महाल १७८८ ला. म्हणून पावसुद्धा आमच्या हिंदू घरांत उशिराच शिरला. खाल्ला की बाटला, ही धास्ती! ओव्हन मात्र होताच की. आई तवसाळी भाजायची ती पातेल्याखाली निखारे, झाकणावर निखारे ठेवून. चीज पुढे गल्फवाल्यांच्या बॅगेतून आलं, डब्यातलं.

नात शंखासारखा पास्ता अर्धाच उकडते (पुरा शिजला तर भरताना फाटतो), चीज भरते, वर टोमॅटोचा रस ओतून ओव्हनला लावते. चीजचं दूध वासराच्या पोटातल्या रेनेटने फाडलंय की शाकाहारी, ते मी अजून पाकिटावर वाचूनच घेतो. आईची धास्ती, दुसरं काय.