पक्षाघातानंतरचा व्यायाम आणि कोलेस्टेरॉल: दोन वाटांची गोष्ट

पक्षाघातातून सावरलेला माणूस काठीशिवाय चालू लागला की घरात एक प्रश्न हमखास निघतो: "आता रोज फिरतोय, मग कोलेस्टेरॉलची गोळी कशाला?" आजच्या भागात या प्रश्नाचं उत्तर इतिहासात शोधू.

पहिली वाट व्यायामाची. १९५९ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमधले प्राध्यापक पेद्रो बाख-इ-रीता यांना पासष्टीत पक्षाघात झाला. अर्धं अंग लुळं पडलं, वाचा गेली. नेहमीच्या उपचारांनी फरक पडेना. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत डॉक्टरकी शिकत होता. त्याने वडिलांना तिकडे नेलं आणि तान्ह्या बाळासारखं आधी रांगायला लावलं. गोट्या उचलायच्या, भांडी घासायची, हाच व्यायाम. वर्षभरात प्राध्यापक पुन्हा वर्गावर जाऊ लागले!

१९६५ साली कोलंबियात डोंगर चढताना हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. शवविच्छेदनात दिसलं, की मेंदूची हानी जशीच्या तशी होती. उरलेल्या मेंदूने सरावातून कामं शिकून घेतली होती. दुसरा मुलगा पॉल याने पुढे याच विषयाला आयुष्य वाहिलं.

दुसरी वाट कोलेस्टेरॉलची. १९७३ साली जपानमध्ये अकिरा एंडो यांना हजारो बुरशी तपासल्यावर एकीत कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारं द्रव्य सापडलं. तिथून स्टॅटिन औषधं आली. पहिलं स्टॅटिन १९८७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण ते हृदयरोगाचं औषध मानलं गेलं. पक्षाघाताशी त्याचा काय संबंध? १९९५ मध्ये साडेचार लाख लोकांच्या माहितीचा एकत्रित अभ्यास झाला, तर कोलेस्टेरॉल आणि पक्षाघात यांचं नातंच दिसेना. अडचण अशी होती की गुठळीने झालेला आणि रक्तस्रावाने झालेला, असे दोन्ही पक्षाघात एकाच टोपलीत मोजले गेले होते.

हा गुंता बराचसा सुटला २००६ मध्ये. नुकताच पक्षाघात किंवा त्याचा सौम्य झटका येऊन गेलेल्या ४,७३१ रुग्णांवर एक चाचणी झाली. पाच वर्षांच्या हिशेबात, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या शंभरातल्या साधारण १३ जणांना पुन्हा पक्षाघात झाला. स्टॅटिन घेणाऱ्यांत हा आकडा ११ वर आला. मेंदूतल्या रक्तस्रावाचं प्रमाण मात्र किंचित वाढलं. म्हणूनच गोळी कोणाला, किती, हे डॉक्टरच ठरवतात.

व्यायामाचंही तसंच. २०१५ साली २,१०४ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या २४ तासांतच उठवून जास्त हालचाल करायला लावली, तर तीन महिन्यांनंतरचा निकाल उलट थोडा वाईट निघाला. व्यायाम हवाच, पण वेळ आणि मात्रा सांभाळून.

आता घरातल्या प्रश्नाकडे वळू. चालण्याने दम वाढतो, रक्तदाब आणि ट्रायग्लिसराइड उतरतात, गेलेली कामं परत शिकता येतात. पण एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, नुसत्या चालण्याने थोडंच खाली येतं. सराव मेंदूला शिकवतो, गोळी रक्तवाहिन्या राखते. तेव्हा फिरायला जरूर जा, आणि गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.