सुवार्ता, साक्ष आणि श्रोता : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एका कर्तव्याचा इतिहास

मराठी समीक्षेने ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना 'प्रचारकी' हे विशेषण फार सैलपणे वापरले आहे. धर्मप्रसाराचा हेतू आढळला की कृतीचे वाङ्मयीन मूल्य तेवढ्यानेच उणावते, असे गृहीत धरले गेले. ख्रिस्ती श्रद्धेत मात्र सुवार्ता सांगणे हा ऐच्छिक उपक्रम नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अखेरीस पुनरुत्थित येशू शिष्यांना सर्व राष्ट्रांकडे जाण्याची आज्ञा देतो. करिंथकरांस लिहिताना पौल सुवार्ता सांगणे ही आपल्यावरील निकड मानतो. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात याच कर्तव्याला साक्षीचे रूप येते. उपदेशकाला श्रोत्याचे मत बदलायचे असते. साक्षीदाराने आपल्या अनुभवास आलेले सांगून निर्णय ऐकणाऱ्यावर सोपवायचा असतो. या दोन भूमिकांमधील ताणातून मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची पुष्कळशी घडण झाली आहे.

फादर स्टीफन्सच्या 'ख्रिस्तपुराणा'त (१६१६) श्रोत्याच्या तोंडी प्रश्न आहेत. पण त्यांची उत्तरे आधीच ठरलेली आहेत आणि संवादामागे पोर्तुगीज सत्तेची छाया आहे. ओवीचा स्वीकार ही भाषेपुढची नम्रता खरी, तरी श्रोत्याचे स्वातंत्र्य तेथे मर्यादितच राहते. मुंबईत हे चित्र बदलले. जॉन विल्सन यांच्या प्रतिपादनाला १८३१ च्या सुमारास मोरभट दांडेकरांनी, तर मिशनऱ्यांच्या टीकेला १८५७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावरील सभांतून विष्णुबुवा ब्रह्मचारी यांनी जाहीर उत्तरे दिली. सांगणाऱ्याच्या कर्तव्यासमोर ऐकणाऱ्याचा प्रतिवादाचा हक्क उभा राहिला. मराठी वैचारिक गद्याला या खंडनमंडनाने धार दिली, परंतु वादात जिंकलेला श्रोता अंतःकरणाने बदललेला असतोच असे नाही.

बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) हा पेच कादंबरीच्या रचनेतच उतरला आहे. कादंबरीची दिशा ख्रिस्ती धर्माकडे आहे. तिचे बळ मात्र हिंदू विधवांच्या दुःखाच्या निरीक्षणात आहे. लेखक जेथे पाहतो तेथे कथन जिवंत होते, जेथे पटवू लागतो तेथे ते निबंधाकडे झुकते. 'अरुणोदय' (१८८८) या आत्मचरित्रात त्यांनी स्वतःच्या धर्मांतराची कहाणी सांगितली, तेव्हा उपदेशाची जागा पुष्कळ अंशी साक्षीने घेतली.

श्रोता नेहमीच वादपटू पंडित नव्हता. ज्या निजामी मुलखात त्या काळी जालना आणि धर्माबाद ही दोन्ही गावे मोडत होती, त्या मुलखात जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'बेथेल' ही ख्रिस्ती वसाहत उभारली. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या ब्राह्मणाचे काम मुख्यतः मांग समाजात झाले. गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाला सुवार्तेत तत्त्वचर्चेइतकीच माणूस म्हणून मिळणारी ओळख मोलाची वाटली असेल, तर ती त्याच्या श्रद्धेतील उणीव म्हणता येत नाही. आमिष आणि श्रद्धा या दोनच कोटींत असे धर्मांतर बसवणे म्हणजे त्या श्रोत्याचा विवेकच नाकारणे होय.

नारायण वामन टिळकांच्या बाबतीत सुवार्ता अगदी साधेपणाने आली. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' दिला आणि वाचण्याचा आग्रह केला. बाकीचे काम वाचनाने, विशेषतः डोंगरावरील प्रवचनाने केले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्यांनी भजन आणि कीर्तन यांना सुवार्तेचे वाहन केले. १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनपासून अलग होऊन त्यांनी स्थापलेल्या 'देवाच्या दरबारा'त बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान होते. तेथे सुवार्तेचे यश बाप्तिस्म्यांच्या संख्येने मोजण्याची पद्धतच अपुरी ठरली.

तथापि या उदारतेला एक दुखरी बाजू आहे. जगाला सांगण्यास आतुर असलेल्या टिळकांनी स्वतःच्या धर्मांतराचा निर्णय पत्नीला विश्वासात न घेता अमलात आणला. 'स्मृतिचित्रे' (१९३४–३६) वाचताना जाणवते ते हे, की लक्ष्मीबाईंना टिळकांचा युक्तिवाद जिंकू शकला नाही. दुरावा, समाजाचा रोष आणि सोवळ्याओवळ्याचे संस्कार यांतून त्या स्वतःच्या गतीने पुढे आल्या. जातिभेद मानवनिर्मित आहे, या निष्कर्षावर त्या स्वतःच्या विचाराने पोचल्या. १९०० मधील त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा. पतीच्या चुका त्या लपवीत नाहीत आणि स्वतःच्या हट्टावर हसतातही. वाचकाला ख्रिस्ती करण्याचा खटाटोप त्यांच्या निवेदनात नाही. म्हणूनच त्यांची साक्ष विश्वसनीय वाटते. टिळकांच्या मृत्यूने अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांनीच पुढे नेले. ज्या श्रोत्याला विचारले गेले नव्हते, तोच अखेरीस निवेदक झाला.

सुवार्तेच्या कर्तव्यातून मराठीला पुराण, वादग्रंथ, कादंबरी, कीर्तन आणि आत्मचरित्र लाभले. या कृतींचे मूल्यमापन करताना हेतू प्रचाराचा होता काय, हा प्रश्न फारसा उपयोगी पडत नाही. ऐकणाऱ्याला नकाराची, विलंबाची आणि स्वतःच्या शब्दांत उत्तर देण्याची मोकळीक संहितेने कितपत ठेवली, हे तपासणे अधिक फलदायी ठरते. ही कसोटी केवळ ख्रिस्ती वाङ्मयापुरती ठेवण्याचेही कारण नाही. सत्य गवसल्याच्या खात्रीने लिहिणाऱ्या प्रत्येक परंपरेला ती लावता येते.