बोरघाट रेल्वेबांधणी आणि पुरवठा साखळी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

मोठ्या बांधकाम प्रकल्पांतील पुरवठा साखळीचा विचार प्रायः साहित्याच्या वाहतुकीपुरता मर्यादित राहतो. मजुराच्या हाती वेळेवर पडणारे वेतन हाही तिचा दुवा असतो, हे बोरघाटाच्या रेल्वेबांधणीवरून स्पष्ट होते.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेसाठी कंत्राटदार फॅव्हिएल यांनी १८५६ मध्ये हे काम सुरू केले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला. तोवर इंग्लंडहून येणारे रूळ आफ्रिकेला वळसा घालून मुंबईत येत. घाटपायथ्याचे खोपोली १८५६ मध्ये मुंबईशी, तर घाटमाथ्यावरील खंडाळा १८५८ मध्ये पुण्याशी रेल्वेने जोडले गेले. त्यामुळे कामाच्या दोन्ही टोकांना रेल्वेची सोय झाली. मात्र पोटकंत्राटदारांकडून मिळणारे वेतन थकले आणि १८५९ च्या आरंभी मजुरांचा उद्रेक झाला. त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडले. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल अल्पावधीतच निधन पावले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी काम पुढे चालविले. १८६१ मध्ये मजूरसंख्या ४२,००० वर गेली व १८६३ मध्ये घाटमार्ग खुला झाला.

सारांश, पुरवठा साखळीच्या सुधारणेत साहित्याच्या वेळापत्रकाइतकेच महत्त्व वेतनाच्या वेळापत्रकाला द्यावयास हवे. रूळ पोहोचूनही मजुरी न पोहोचल्यास काम थांबते.