आसाचे तेल आणि नावेचे यंत्र

बऱ्हाणपूर तापीच्या उत्तर तीरावर वसले खरे, पण या शहराचा व्यापार नदीने कधी वाहिला नाही. पात्र खडकाळ, पावसाळ्यात बेफाम आणि उन्हाळ्यात रोडावलेले. नौकानयनास योग्य पाणी मिळे ते सुरतेजवळच्या अखेरच्या टप्प्यात. येथील नाव पैलतीरीच्या जैनाबादेस, जेथे १६३१ साली मुमताजमहलचा देह प्रथम दफन झाला, उतारू पोचविण्यापुरतीच. म्हणून फारुकी सुलतानांच्या राजधानीत, आणि पुढे मोगलांच्या खानदेश सुभ्याच्या या मुख्य ठाण्यात, जे शुभ्र तलम कापड विणले जाई, आणि जे टॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवल्याप्रमाणे इराण, तुर्कस्तान, रशिया व पोलंडपर्यंत जाई, ते सुरतेच्या बंदरास बैलांच्या पाठीवरून किंवा गाड्यांतून पोचे. आणि वाटेवरच्या जकातीच्या चौक्या ओलांडून गाडी मुक्कामास लागणे हे पुष्कळ अंशी आसाला घातलेल्या ओंगणावर, म्हणजे वंगणावर, अवलंबून असे.

हे ओंगण बहुधा एरंडेलाचे. गाडीवान बैल सोडी, गाडीखाली टांगलेले तेलाचे नळकांडे काढी, चाक आसावरून थोडे बाहेर ओढी आणि तेलात भिजलेल्या चिंधीने आस व तुंब्याचा आतला गाळा काळाकुळकुळीत होईपर्यंत माखी. एरंडेल इतर तेलांहून पुष्कळ दाट. ते घर्षणाच्या जागी धरून राहते आणि भाराखाली सहज पिळून निघत नाही. भार, वेग आणि उष्णता पाहून तेल निवडावे हा यंत्रशास्त्राचा नियम त्या गाडीवानाला अनुभवाने ठाऊक होता, आणि त्याचे हे श्रेय त्याला आजवर कोणी दिलेले नाही असे मला वाटते.

१८७० साली बऱ्हाणपुरावरून जाणारा मुंबई-जबलपूर लोहमार्ग पूर्ण झाला आणि बैलगाड्यांचा तो हमरस्ता ओस पडू लागला. तरी एरंडेल टिकले, कारण भारतातील रेल्वेनेही ते वंगणासाठी आणि दिव्यांसाठी घेतले. पुढे शहरात कापडाची गिरणी उभी राहिली, तेव्हा मात्र निवड पालटली: अतिवेगाने फिरणाऱ्या हलक्या चात्यांना दाट तेल जड होते, त्यांना पातळ खनिज तेलच हवे. शिवाय एरंडेल तापून जुने झाले की चिकट राळेसारखा थर धरते. ते मागे पडले याची मला खंत नाही.

बऱ्हाणपूरचे कापड ज्या समुद्रावर चढे, तेथे या निवडीस पाण्याची अडचण येऊन मिळाली. आगबोटींच्या वाफेच्या यंत्रात निव्वळ खनिज तेल ओलसर पृष्ठभागावरून धुऊन जाई, म्हणून त्यात चरबी किंवा वनस्पतिज तेल मिसळीत. आजच्या नावेच्या पोटातील डिझेल यंत्राची स्थिती निराळी असली तरी त्रास चुकत नाही: मोटारीचे यंत्र उतारावर विसावते, नावेचे तासन्‌तास जवळपास एकाच भाराखाली चालते, आणि इंधनातील गंधकापासून होणारे आम्ल व भोवतालचा दमटपणा त्याला आतून गंजवीत असतो. त्यामुळे आम्ल मारणारी क्षारद्रव्ये पुरेशी असलेले आणि यंत्र बनविणाऱ्याने सांगितलेल्या दाटपणाचे तेलच घालावे. स्वस्त मिळाले म्हणून मोटारीच्या पेट्रोल यंत्राचे घालू नये. बंदर सोडण्यापूर्वी तेलाची पट्टी बाहेर काढून पाहावी. तेल काळे झालेले असणे डिझेल यंत्रात स्वाभाविक आहे. पण ते दुधाळ, फेसकट दिसले तर पाणी आत शिरले आहे, आणि ते कोठून शिरले हे सापडल्यावाचून नुसते नवे तेल भरून नाव खोल पाण्यात नेऊ नये.