बुकमार्क-संग्रह

बुकमार्क-संग्रह : महाजालावरील जी पृष्ठे पुन्हा पाहावीशी वाटतात, त्यांचे पत्ते ब्राउझरमध्ये नोंदवून सिद्ध केलेला वैयक्तिक संचय. पृष्ठाचा पत्ता आणि शीर्षक हे प्रत्येक नोंदीचे दोन मुख्य घटक होत. नोंदी शेदोनशे असेतोवर नुसत्या नजरेने काम भागते. परंतु त्या हजारांच्या घरात गेल्या म्हणजे वर्गीकरण, शोध आणि जतन असे तीन स्वतंत्र प्रश्न उपस्थित होतात.

इतिहास : वाचकाने स्वतः आखलेल्या वाटांनी एक लेख दुसऱ्याशी जोडून ठेवणारे ‘मेमेक्स’ नावाचे यंत्र अमेरिकन अभियंते व्हॅनेव्हर बुश यांनी १९४५ मध्ये एका निबंधात कल्पिले होते. पत्ते नोंदवून ठेवण्याची प्रत्यक्ष सोय १९९३ मध्ये मोझेक या ब्राउझरच्या ‘हॉटलिस्ट’मधून अनेकांच्या हाती आली आणि पुढे नेटस्केपने तिला ‘बुकमार्क’ या नावाने रूढ केले. नेटस्केपने ज्या साध्या एचटीएमएल फाइलीत या नोंदी ठेवल्या, तिचाच नमुना आजही एका ब्राउझरमधील संग्रह दुसऱ्यात नेण्यासाठी वापरला जातो. फायरफॉक्सने २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून आपले दप्तर एसक्यूलाइट पद्धतीच्या विदागारात हलविले. क्रोम ते जेसन स्वरूपातील फाइलीत ठेवते.

वर्गीकरण : फोल्डरांची उतरंड ही सर्वांत जुनी आणि अद्याप सर्वांत प्रचलित व्यवस्था होय. तिच्यात नोंदीला सामान्यतः एकच स्थान मिळते. आणि मराठवाड्यातील दुष्काळावरील लेख शेतीखाली ठेवावा, पाण्याखाली ठेवावा की इतिहासाखाली, हा निर्णय ठेवतेवेळी जितका सोपा वाटतो, तितकाच तो काही वर्षांनी आठवणे दुष्कर होते. एका विषयाला अनेक पैलू असतात हे तत्त्व शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या द्विबिंदू वर्गीकरणाच्या मुळाशी ठेवले होते. जोशुआ शॅक्टर यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ‘डिलिशस’ या सेवेने एकाच नोंदीला अनेक टॅग, म्हणजे विषयदर्शक शब्द, लावण्याची पद्धत लोकप्रिय केली, तीत याच तत्त्वाला मोकळे रूप मिळाले. मात्र टॅगांना शिस्त नसेल, तर ‘पाणी’, ‘जल’ आणि ‘पाणीपुरवठा’ अशा समानार्थी शब्दांत एकच विषय विखुरला जातो. म्हणून आपल्या टॅगांची एक आटोपशीर फेरिस्त करून तिच्याबाहेर शक्यतो जाऊ नये. मोठ्या संग्रहास दोन पातळ्यांपलीकडे न जाणारे थोडे, विस्तृत फोल्डर, बारकाव्यांसाठी टॅग, आणि नव्या नोंदींसाठी वेळोवेळी रिकामा करावयाचा एक आवक-फोल्डर, एवढी तजवीज पुरेशी ठरते.

शोध : ब्राउझर बुकमार्क शोधतो तो शीर्षक, पत्ता आणि टॅग यांत; पृष्ठाच्या मजकुरात नव्हे. फायरफॉक्सच्या पत्तापट्टीत तारकाचिन्ह व मोकळी जागा देऊन शब्द लिहिल्यास शोध बुकमार्कांपुरता, तर अधिकचिन्ह दिल्यास टॅग लावलेल्या नोंदींपुरता मर्यादित होतो. क्रोममध्ये @ हे चिन्ह उमटविताच येणाऱ्या पर्यायांतून बुकमार्क निवडता येतात. अशा शोधाचे यश बहुतांशी शीर्षकावर अवलंबून असते, आणि ‘मुखपृष्ठ’ किंवा ‘अहवाल’ एवढेच शीर्षक घेऊन आलेली नोंद संग्रहात असूनही नसल्यासारखीच होय. मराठी वाचकाची अडचण याहून अधिक आहे : ‘ज्ञानेश्वरी’ हा देवनागरी शब्द शोधला असता रोमन लिपीतील शीर्षक सापडत नाही, आणि युनिकोडपूर्व फाँटांतील जुन्या पृष्ठांची शीर्षके तर निरर्थक अक्षरांच्या रूपात नोंदली जातात. यास्तव जतन करतानाच शीर्षकात विषय, लेखक, वर्ष आणि दोन्ही लिपींतील मुख्य शब्द स्वहस्ते भरावेत.

जतन : नोंद टिकली तरी पृष्ठ टिकेलच असे नाही. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ मधील पाहणीनुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पृष्ठांपैकी ३८ टक्के पृष्ठे दहा वर्षांनी उपलब्ध नव्हती. महत्त्वाच्या पृष्ठाची प्रत इंटरनेट आर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये नोंदवून ठेवणे हा यावरील सुलभ उपाय होय. परक्या सेवेच्या हवाली केलेल्या संग्रहाचाही भरवसा नसतो : डिलिशस अनेक मालकांच्या हातांतून जाऊन २०१७ मध्ये ‘पिनबोर्ड’ या तशाच सेवेकडे आली, तर फायरफॉक्सच्या निर्मात्या मोझिलाने पृष्ठे जपून ठेवण्याची ‘पॉकेट’ ही सेवा २०२५ मध्ये बंद केली. म्हणून संपूर्ण संग्रहाची एचटीएमएल प्रत ठरावीक काळाने काढून आपल्याजवळ ठेवावी.

मूल्यमापन : फोल्डरांची रचना स्थलांतरात विस्कटू शकते, आणि टॅगांची सोय नसलेल्या क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये टॅग निरुपयोगी ठरतात, शीर्षकात विचारपूर्वक लिहिलेले शब्द मात्र नोंदीबरोबर सर्वत्र जातात. संग्राहकाने नोंद करतेवेळी शीर्षकासाठी घेतलेले श्रम हीच मोठ्या संग्रहाची सर्वांत टिकाऊ व्यवस्था होय.